तीन सेंटिमीटरवरचं सिझर

सुरतेहून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. चार घड्यांचं डिस्चार्ज कार्ड, वर गुजरातीत छापलेलं दवाखान्याचं नाव, खाली निळ्या शाईत घाईघाईनं लिहिलेलं. एक घडी नेमकी ऑपरेशनच्या ओळीवरून गेलेली. फोटो मोठा करून पाहिल्यावर एवढं लागलं: भरती सकाळी ९.१०, सिझर संध्याकाळी ६.४०, कारण 'नॉन-प्रोग्रेस ऑफ लेबर', म्हणजे बाळंतपणात प्रगती नाही, गर्भपिशवीचं तोंड ३ सेंटिमीटर उघडलेलं. मुलगी, २.८ किलो, लगेच रडली.

प्रकरण दुसऱ्या बाळंतपणाचं आहे, पण त्याची मेख या पहिल्या कार्डात आहे.

बाईचं नाव देत नाही. वॉर्डात सगळे तिला 'सुरतवाली' म्हणायचे, तेच इथे ठेवते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय २४, नवरा उधन्याला लूमवर कामाला, सासर-माहेर दोन्ही आपल्याकडचंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती बाळंतपण उरकूनच परत जायचं असं ठरवून. माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा ३६ आठवडे झाले होते. आमचा दवाखाना ट्रस्टचा, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. प्रसूतितज्ज्ञ मी एकटीच. भूलतज्ज्ञ एकच, आणि तेही गावातल्या सगळ्या सर्जनमध्ये वाटलेले. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर ते शेजारच्या तालुक्यात असतात. रक्त लागलं तर गाडी जळगावला पाठवायची.

त्याच सुमारास ट्रस्टच्या बैठकीत आमच्या सिझरच्या टक्क्यावरून कुरबुर सुरू झाली होती. एक विश्वस्त, जिनिंगचे मालक, आकड्यांना पक्के. त्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे कागदावर उतरवून आणले होते. देशात २००५-०६ मध्ये शंभरातली ८.५ बाळंतपणं सिझरनं व्हायची, २०१५-१६ मध्ये १७.२, २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्र २०.१ वरून २५.४ वर. आणि सगळ्यात बोचरी ओळ: देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३, खासगीत ४७.४. "मॅडम, आपण ट्रस्टवाले यातले कोण?" असं त्यांनी विचारलं. उत्तर सोपं नव्हतं, म्हणून मी चहा मागवला.

जागतिक आरोग्य संघटनेचा १० ते १५ टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तो १९८५ साली ब्राझीलमधल्या फोर्तालेझाच्या बैठकीत ठरला. २०१५ मध्ये याच संघटनेनं सांगितलं की लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर गेल्यानं आया आणि बाळं जास्त वाचतात असं दिसत नाही. पण ठरावीक टक्का गाठायच्या मागे न लागता जिला गरज आहे तिला सिझर मिळेल हे पाहा. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बैठकांमध्ये कोणी वाचून दाखवत नाही. खान्देशात तर तो आधी वाचायला हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडे पाड्यावरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदेच्या काठच्या गावांना बोटीची अँब्युलन्स. तिथे न झालेलं सिझर हा प्रश्न आहे. आणि खाली केळीच्या पट्ट्यात, जिथे चौकाचौकात मॅटर्निटी होम आहे, तिथे नको असताना झालेलं. दोन्हींची सरासरी काढली तर आकडा छान दिसेल, दोन्हीकडच्या बायका मात्र आहेत तिथेच राहतील.

विश्वस्तांना हे पटलं, पण ते म्हणाले, "मग मोजायचं कसं?" मोजायची रीत आहे. प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉबसन यांनी २००१ मध्ये बाळंतिणींची दहा गटांत वाटणी मांडली: पहिलटकरीण की नाही, आधी सिझर झालंय का, बाळ एक की जुळं, डोकं खाली की पायाळू की आडवं, दिवस भरलेत का, कळा आपणहून आल्या की आणवल्या. हे पाच-सहा प्रश्न विचारले की कुठलीही बाई कुठल्या तरी एकाच गटात बसते. पहिलटकरीण, दिवस भरलेले, डोकं खाली, कळा आपणहून आलेल्या: गट १. आधी सिझर झालेली, दिवस भरलेले, एकच बाळ, डोकं खाली: गट ५. सुरतवाली पहिल्या वेळी गट १ मध्ये होती, आता गट ५ मध्ये. बहुतेक दवाखान्यांत सिझरच्या एकूण संख्येत सगळ्यात मोठा वाटा या पाचव्या गटाचा असतो. आणि हा गट आभाळातून पडत नाही. आज पहिल्या किंवा दुसऱ्या गटात ज्यांचं पोट आपण उघडतो, त्याच दोन-तीन वर्षांनी पाचव्या गटात येऊन बसतात.

ओपीडीतली चर्चा

पहिल्या भेटीला नवरा फोनवर होता. "मॅडम, सरळ सिझर करून टाका ना. तारीख सांगा, म्हणजे मी तशी सुट्टी टाकतो." यात दोष काढायला जागा नाही. लूमवर खाडा पडला की पगार कापला जातो, आणि नॉर्मल बाळंतपण तारीख देत नाही. आई शेजारी बसून होती, ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "पहिले बी आसंच सांगेल व्हतं, नॉर्मल व्हई म्हनी." म्हणजे नॉर्मलची आशा दाखवून शेवटी पोट फाडलं, तसं परत नको.

'एकदा सिझर की कायम सिझर' हे वाक्य न्यू यॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली म्हटलं. तेव्हा पिशवीवर वरच्या जाड भागात उभी चीर द्यायचे, ती पुढच्या वेळी कळांमध्ये उसवायची भीती खरीच मोठी होती. आता चीर आडवी, खालच्या पातळ भागात. वाक्य मात्र शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे ओपीडीत ऐकू येतं, आणि मीही ते म्हणून मोकळी झालेली आहे, विशेषतः शुक्रवारी.

कार्डाच्या फोटोसाठी मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले. शेजारणीनं ट्रंकेतून काढून पाठवला. त्यात 'एल.एस.सी.एस.' स्पष्ट होतं, म्हणजे चीर खालच्या भागातली. टाके एकदाच. मधे तीन वर्षांचं अंतर. आताचं बाळ डोकं खाली, वार (प्लॅसेंटा) वर, टाक्यापासून लांब. प्रयत्न करायला हरकत नव्हती. मी तिला आकडे जसेच्या तसे सांगितले: अशा चार बायकांनी प्रयत्न केला तर जवळपास तिघींची नॉर्मल प्रसूती होते. आणि दोनशेत साधारण एकीच्या पिशवीचा टाका कळांमध्ये उसवतो.

तिनं लगेच विचारलं, "त्या एकीचं काय होतं?"

हा प्रश्न बायका क्वचित विचारतात, नवरे त्याहून क्वचित. मी सांगितलं: बाळाला मिनिटांत बाहेर काढावं लागतं, ते नेहमी वाचतंच असं नाही. बाईला खूप रक्त जाऊ शकतं, कधी पिशवी काढावी लागते. म्हणून हा प्रयत्न घरी नाही, छोट्या केंद्रात नाही. जिथे थिएटर आणि भूल हाताशी आहे तिथेच. दुसरी बाजूही सांगितली. दुसरं सिझर केलं तर आज बहुधा सगळं ठीक होईल, पण तिसऱ्या खेपेला वार जुन्या टाक्यावर, खाली बसली तर ती पिशवीत रुतण्याचा धोका शंभरात चाळीसच्या घरात जातो. तिसरी खेप हा शब्द ऐकून आईनं माझ्याकडे पाहिलं. पहिली मुलगी होती. पुढचं कोणी बोललं नाही.

कागदावर ठरलं ते असं. कळा आपणहून आल्या तरच प्रयत्न. आमच्याकडे कळा आणायची गोळी किंवा जेल तिला द्यायची नाही. दोन बाटल्या रक्ताची सोय आधी. मंगळवार-शुक्रवारी कळा आल्या तर इथे न थांबता सरळ जळगावच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. नवऱ्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बरं, मग सुट्टी कधी टाकू?"

मधल्या आठवड्यात एक किरकोळ प्रसंग घडला, तोही सांगायला हवा. मे महिना, पारा ४४च्या वर. बाहेरून केलेल्या सोनोग्राफीत 'पाणी कमी' लिहून आलं आणि आईनं कपड्यांची पिशवी भरूनच तिला आणलं. 'पाणी कमी' या दोन शब्दांवर आपल्याकडे उन्हाळ्यात किती सिझर होत असतील! बाकी सगळं नीट असेल तर आधी बाईनं दिवसभरात पाणी किती प्यायलं ते विचारावं. पोटभर पाणी प्यायल्यानं बाळाभोवतीचं पाणी वाढतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. हिनं सकाळपासून दोन पेले चहा घेतला होता. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून पाणी टाळत होती. बाळाचे ठोके पाहिले, दोन लिटर पाणी प्यायला लावलं, दुसऱ्या दिवशी परत मोजलं. पुरेसं होतं. पिशवी परत घरी गेली.

ती रात्र आणि सकाळ

३९ आठवडे पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. बुधवार, रात्री ११. कळा दहा मिनिटांनी एक, तोंड ३ सेंटिमीटर. पुन्हा तोच आकडा. सुरतेला घड्याळ सुरू झालं ते याच जागी.

इथे थोडं थांबते, कारण सगळा घोळ याच जागी होतो. पन्नासच्या दशकात न्यू यॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी बाळंतपणाचा आलेख काढला आणि पुढे तासाला एक सेंटिमीटर हे माप डॉक्टरांच्या हातात बसलं. तोंड ३-४ सेंटिमीटर झालं की बाई खऱ्या कळांत आली असं धरायचं, आणि त्यानंतर आलेख अडला की 'प्रगती नाही'. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं हे माप मागे घेतलं: खऱ्या कळा ५ सेंटिमीटरपासून धरा, आणि तासाला एक सेंटिमीटर झालं नाही एवढ्यावरून बाईला हात लावू नका. त्याआधीचा काळ सुप्त. तो पहिलटकरणीत तासन्‌तास चालतो, कधी एक दिवसही. सुप्त काळात बाईला भरती केलं, सलाइन लावलं, कळांचं इंजेक्शन सुरू केलं, दर दोन तासांनी तपासलं, की संध्याकाळपर्यंत 'प्रगती नाही' लिहायची वेळ येतेच. सुरू न झालेल्या गोष्टीत प्रगती कुठून दिसणार?

टाके असल्यानं तिला घरी पाठवता येत नव्हतं. रात्रपाळीच्या सिस्टरनं कागदावर 'सुप्त' एवढंच लिहिलं, आलेख भरायला घेतला नाही, आणि आईला आत बसू दिलं. ती व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिली. अर्ध्या तासानं सिस्टर ठोके ऐकायची. आई दर वेळी विचारायची, "कितला येय लागी आखो?", अजून किती वेळ? सिस्टरचं ठरलेलं उत्तर: "मावशी, चहा घ्या." भूलतज्ज्ञांना मी रात्रीच फोन करून ठेवला होता. दुसरा दिवस गुरुवार होता, ते गावातच होते.

पहाटे ५ वाजता ५ सेंटिमीटर. आता आलेख सुरू. ९ वाजता ७. साडेदहाला ७च. हे थांबणं मला चिंतेचं वाटलं नाही. ११ च्या सुमारास तिनं स्वतः सांगितलं, "मॅडम, कळ गेली तरी दुखतंय. इथं, टाक्यापाशी." सिस्टरनं मॉनिटरची पट्टी पुढे केली. ठोके कळेबरोबर ९०वर उतरत होते आणि कळ संपल्यावर परत यायला वेळ घेत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

११.२० ला ठरवलं. ११.४६ ला बाळ बाहेर. मुलगी, ३.१ किलो, रडली. पोट उघडल्यावर पिशवीचा खालचा भाग इतका पातळ झालेला की पलीकडे बाळाचे ओले केस दिसत होते. टाका उसवला नव्हता, उसवायच्या बेतात होता. भूलतज्ज्ञ डोकावून म्हणाले, "वेळेवर आलो." मी काही बोलले नाही. हात कामात होते, आणि खरं सांगायचं तर पाय थोडे लटपटत होते.

बैठकीत

महिनाअखेरीस दहा गटांचा तक्ता पुढे ठेवला. जिनिंगवाल्यांनी बोट नेमकं पाचव्या ओळीवर ठेवलं. "मॅडम, महिनाभर समजावलंत, रात्रभर जागलात, शेवटी सिझरच. मग आकडा खाली येणार कसा?"

त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता आणि उद्या तशीच परिस्थिती आली तर तोच घेईन, हे मी सांगितलं. टक्का कमी करायच्या दडपणाखाली तिला आणखी तासभर थांबवलं असतं तर आज ही बैठक वेगळ्या कारणानं भरली असती. टाळता येणारं सिझर तीन वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं. मग मी कार्डाचा फोटो दाखवला. ३ सेंटिमीटर. सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'हे सुरतवाले असेच' असा भाव. मला तो बोचला, कारण आदल्या रात्री मी आमच्याच पहिल्या गटातल्या सिझरच्या फाइली काढून बसले होते.

माझ्याच सहीची एक फाइल. पहिलटकरीण, रात्री २ वाजता भरती, ३ सेंटिमीटर, सकाळी ८ पासून कळांचं इंजेक्शन, दुपारी ३.३० ला सिझर. कारण: 'प्रगती नाही, नातेवाईकांची विनंती'. नातेवाईकांनी विनंती केली होती हे खरं. फाइलीत नसलेली गोष्ट मला आठवते: शुक्रवार होता. भूलतज्ज्ञ चारला निघणार होते. रात्री काही झालं तर मी एकटी. मी बाळाला किंवा बाईला घाबरले नव्हते, घड्याळाला घाबरले होते. अशा फाइली आणखी होत्या. ती बाई एक दिवस पाचव्या गटात येईल, कदाचित सुरतेतल्याच एखाद्या दवाखान्यात, आणि तिथली डॉक्टर माझं कार्ड मोठं करून पाहील.

मी हे बैठकीत मोठ्यानं सांगितलं. त्यानंतरची चर्चा बरीच कामाची झाली.

सुप्त कळांतल्या बाईला घरी पाठवा, असं पुस्तक सांगतं. आपल्याकडे शेवटची एसटी गेली की तीस किलोमीटरवरची बाई जाणार कुठे? म्हणून मागच्या अंगणातली जुनी स्टोअरची खोली रिकामी केली. दोन खाटा, कूलर, पाण्याचा माठ, बाहेर कडुनिंबाची सावली. पहिलटकरीण ५ सेंटिमीटर होईपर्यंत तिथे, आईबरोबर किंवा जाऊबरोबर. सिस्टर ठोके ऐकून जाते. भरतीच्या वहीत नाव चढत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातलं घड्याळही सुरू होत नाही. सगळ्यात जास्त उपयोग या खोलीचा झाला, असं माझं मत आहे, आणि खर्च कूलरचा.

दुसरी गोष्ट, 'प्रगती नाही' म्हणून सिझर करायचं तर आधी दुसऱ्या प्रसूतितज्ज्ञाला फोन. भुसावळची माझी एक वर्गमैत्रीण आणि मी, एकमेकींना. तातडीच्या कारणाला हा नियम नाही. फोनवर ती पहिला प्रश्न विचारते, "सेंटिमीटर किती?" दुसरा, "वार कोणता आज?" एकदा तर तिचा दुसरा प्रश्न ऐकून मी फोन ठेवला आणि दोन तास थांबले. शुक्रवारचा प्रश्न यानं सुटला नाही. त्यासाठी ट्रस्टनं जळगावच्या एका भूलतज्ज्ञांशी शुक्रवार-मंगळवारची बोली केली आहे. ते येतात, कधी कधी येत नाहीत.

तिसरी, आई किंवा सोबतीण प्रसूतिगृहात. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सोबतीला परवानगी दिली आहे. आमच्याकडे दरवाजावरची पाटी तेवढी बदलायची राहिली होती. कळांमध्ये सतत कोणी सोबत असलं की सिझरची गरज कमी पडते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. सिस्टरांची कुरकुर मात्र महिनाभर चालली: माणसं वाढली, चपला वाढल्या.

टक्क्याचं लक्ष्य लिहून भिंतीवर लावायची सूचना आली होती, ती मी हाणून पाडली. लक्ष्य लावलं की सिझर कमी होण्याआधी उशिरा होऊ लागतं. आमचे नंतरचे आकडेही इथे देत नाही. एवढ्याशा दवाखान्याच्या काही महिन्यांवर टक्केवारी मांडली की दोन जुळी आणि एक पायाळू आलं तरी ती हलते. तोटा मात्र सांगते. मागच्या खोलीत थांबवलेल्या एका पहिलटकरणीला तिचे दीर पहाटे तीन वाजता जीपमध्ये घालून दुसरीकडे घेऊन गेले. "इथं तर काहीच करत नाहीत," असं गेटवर ओरडून. तिचं तिकडे सिझर झालं. गावात आमची बदनामी झाली ती झालीच.

चौथा बदल कार्डाचा. आता माझ्या कार्डावर चार ओळी मराठीत, सुवाच्य: सिझर का केलं, किती सेंटिमीटरवर, पिशवीवर चीर कशी, आणि पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल की नाही. चौथी ओळ लिहिताना हात थबकतो. कारण 'करता येईल' असं लिहिलं की वाचणारा विचारणार, मग या वेळी का केलं?

सुरतवालीच्या कार्डावर चौथ्या ओळीत 'नाही' लिहिलं. दोन सिझर, पातळ पिशवी. पुढचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, आधीपासून ठरवून. सिझरच्या वेळीच तिच्या इच्छेनं तांबी बसवली होती. सुट्टी होताना सासू घ्यायला आली, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवून मला म्हणाली, "पुढच्या टाइमाला तरी पोरगा होऊ द्या, मॅडम." मी रुतणाऱ्या वारेचं पुन्हा एकदा समजावलं. तिनं मान हलवली, जशी हलवतात तशी.

तासाभरानं सुरतवाली एकटीच परत आली, पोटाला पट्टा, हात टाक्यावर. कार्ड पुढे केलं. "मॅडम, तांबीची ओळ खोडा. आमच्या नणंदेला वाचता येतं."

कार्ड नवीन लिहिलं, ती ओळ सोडून. तांबीची तारीख वेगळ्या चिठ्ठीवर दिली. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती कार्ड लॅमिनेट करून घेऊन आली, घडी पडू नये म्हणून. चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरात ठेवली.